कन्नड न येणाऱ्यांच्या वर्गात

४ ऑगस्ट, सकाळी ७.४०
यशवंतपूर ते मॅजेस्टिक, बंगळुरूच्या मेट्रोत, उभ्याने.

नवीन सेमिस्टर, नवीन वही. यंदा रोजनिशी मराठीत. गेल्या वर्षी इंग्रजीत लिहिली होती, ती वर्गातल्या तिघांनी वाचली आणि त्यातली दोन वाक्यं मला अजून ऐकवतात. आईने लहानपणी सुट्ट्यांमध्ये कान धरून बाराखडी गिरवून घेतली होती, ती आज उपयोगी पडतेय. युनिव्हर्सिटीत मराठी वाचणारं कुणी नाही. मोकळं रान.

ह्या सेमिस्टरचं काम एकच. कॉम्प्युटर सायन्समधून बाहेर पडायचं. ते अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, निवडलं होतं. मी तेव्हा अठराचा होतो आणि भूक लागली होती, म्हणून हो म्हणालो. नव्या नियमाने तिसऱ्या सेमिस्टरनंतर मेजर विषय बदलता येतो. मला अर्बन स्टडीज पाहिजे. बस कुठे वळते, फूटपाथ कुणी खाल्ला, मार्केटमधला हमाल पावसात गाडा कुठे लावतो. ह्यात मला रस आहे, खराखुरा. कोड समोर आला की माझे पाय आपोआप हलायला लागतात.

बाहेरून घेणार फक्त दोघांना. अट सीजीपीए ७.५, शिवाय इंटरव्ह्यू. माझा ७.३१. म्हणजे झाल्यातच जमा आहे.

मॅजेस्टिक आलं. पळतो.

५ ऑगस्ट

आज मी जे केलं त्याला स्ट्रॅटेजी म्हणतात.

भाषेचा पेपर सगळ्यांना सक्तीचा. कन्नड येणाऱ्यांना 'कन्नड साहित्य': शेकडो वर्षांपूर्वीची काव्यं, त्यांच्यावरच्या टीका, वर व्याकरण. न येणाऱ्यांना 'बेसिक कन्नड': पाणी द्या, स्टेशन कुठे आहे, जेवण झालं का. क्रेडिट दोन्हीला सारखेच. आता मी कुठल्या बाजूचा? मातृभाषा मराठी. शाळेत हिंदी आणि संस्कृत. कागदोपत्री मी चक्क परका. आमचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं, आणि मी यशवंतपूर मार्केटच्या मागच्या गल्लीत कन्नडात शिव्या देत मोठा झालो, हे कुठल्याही कागदावर नाही.

पोर्टलवर एक चौकोन होता. 'मला कन्नड बोलता किंवा समजता येत नाही, असे मी जाहीर करतो.' टिक केलं. खोटं बोललो नाही. नुसतं क्लिक केलं.

बेसिक कन्नडात सगळ्यात वरची ग्रेड, की सीजीपीए आपोआप वर. अभ्यास शून्य.

१२ ऑगस्ट

पहिला तास. लक्ष्मीदेवी मॅडम. पन्नाशीच्या, सुती साडी, आवाज बारीक पण मागच्या बाकापर्यंत पोचणारा. वर्गात गुवाहाटी, दिल्ली, कोची. माझ्या शेजारी अभिराज, नाशिकचा. उंच, गंभीर, वहीला कव्हर घातलेलं. मी मराठी आहे कळल्यावर त्याला गहिवरून आलं.

मॅडमनी एकेकाला उठवून विचारलं, कन्नड किती येतं. सगळे म्हणाले, 'कन्नड गोत्तिल्ला.' मोबाइलवर शिकलेलं. माझी पाळी आली. मी म्हणालो, 'कन्नड बरल्ला, मॅडम.'

मॅडम थांबल्या. चष्म्यावरून बघितलं.

खाली बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. गोत्तिल्ला म्हणजे माहीत नाही, ते नवखे म्हणतात. बरल्ला म्हणजे येत नाही, आणि ते फक्त ज्याला येतं तोच म्हणतो. पण मॅडमच्या काही लक्षात आलं नाही. तीस मुलं आहेत, कुणाकुणाचं ऐकणार.

१४ ऑगस्ट

आजचा उद्योग: प्रत्येकाने आपल्या मातृभाषेत एक वाक्य बोलायचं, मग ते कन्नडात कसं होतं ते मॅडम शिकवणार. इथे मी निश्चिंत होतो. उभा राहिलो आणि स्वच्छ मराठीत म्हणालो की सकाळी तिंडी खाल्ली, डब्यात पल्या नि कोसंबरी आहे, आणि येताना स्वल्प उशीर झाला.

मॅडमनी फळ्यावर चार शब्द लिहिले. तिंडी, पल्या, कोसंबरी, स्वल्प. म्हणाल्या, ह्याला शिकवायचं काय, हे सगळं कन्नडच आहे. वर्ग हसला. अभिराजने तेच वाक्य नाश्ता, भाजी, कोशिंबीर, जरासा असं करून म्हणून दाखवलं, वर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

एकोणीस वर्षं मी तिंडी मराठीत खात होतो.

घरी आईला विचारलं, की आपण बोलतो त्यातलं मराठी नेमकं कुठलं. ती दोसा उलटत होती. म्हणाली, 'सगळंच आपलं रे. गडबड करू नको, ताट घे.' ह्या घरात संशोधनाला वाव नाही.

१९ ऑगस्ट, दुपारी, कँटीनमध्ये

उपाय सापडला. कन्नड न येण्याचा सोंगासारखा नाही, शास्त्रासारखा विचार करायला हवा. एक्सेलमध्ये तक्ता केला. ऑगस्टमध्ये दहा वाक्यांत नऊ चुका. सप्टेंबरमध्ये सहा. ऑक्टोबरमध्ये तीन. नोव्हेंबरात एखादी, तीही गोड. मॅडमना दिसणार एक होतकरू मुलगा, जो कष्टाने वर आला. मलाच स्वतःबद्दल आदर वाटला.

कँटीनच्या काउंटरवर माणसाने विचारलं, चटणी पाहिजे का. मी 'बेकु', म्हणजे पाहिजे, म्हणणार होतो, तेवढ्यात मागे अभिराज दिसला. नुसत्या खुणा केल्या. चटणी मिळाली नाही.

४ सप्टेंबर

तक्त्यानुसार उत्तम चाललंय. आज 'मला पाणी पाहिजे' ह्या वाक्याला मी 'नानु नीरु' म्हणालो. अर्थ, मी पाणी आहे. मॅडमनी शांतपणे विचारलं, किती लिटर. पहिल्यांदाच त्यांना हसताना पाहिलं. चूक अशी पाहिजे की तिने लोकांचं मन जिंकलं पाहिजे.

अभिराज मात्र अघोरी अभ्यास करतो. हॉस्टेलच्या सिक्युरिटीवाल्या नागोजींशी रोज संध्याकाळी अर्धा तास कन्नडात बोलतो. नागोजींच्या मुलीच्या बारशालाही जाऊन आला. त्याला म्हणालो, एवढं कशाला, तीन क्रेडिटचा पेपर आहे. तर म्हणाला, मलाही अर्बन स्टडीजला जायचंय, आणि लोकांशी बोलता आलं नाही तर शहर कळणार कसं.

म्हणजे स्पर्धा आहे. पण त्याचे उच्चार भयानक आहेत. घाबरण्याचं कारण नाही.

११ सप्टेंबर

गडबड झाली.

आमच्या युनिव्हर्सिटीत आता 'स्टुडंट एक्सपिरियन्स सेल' निघालाय. पूर्वी नापास झालं तर नोटीस बोर्डावर कळायचं, आता नापास व्हायच्या आधीच ॲपवर कळतं. सकाळी मेसेज आला: 'हाय प्रणीत! बेसिक कन्नडात तुझी प्रगती मंद आहे. तू ॲट रिस्क आहेस. आज कसं वाटतंय?' खाली पाच चेहरे. मी हसरा दाबला. लगेच दुसरा मेसेज: 'भावना दडपू नकोस.'

तोच मेसेज अण्णांनाही गेला. अण्णा इन्शुरन्स ऑफिसमध्ये सीनियर आहेत, लेखी आलेल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचा विश्वास आहे. संध्याकाळी चष्मा लावून तीनदा वाचलं. म्हणाले, 'अरे, परवा त्या फूलवाल्याशी पंधरा मिनटं भांडत होतास, ते काय लॅटिनमध्ये?' मी म्हणालो, एआयचा घोळ आहे, सगळ्यांनाच येतोय. ते म्हणाले, सरी, म्हणजे ठीक. पण त्या 'सरी'त काही पटल्यासारखं नव्हतं.

मेजर बदलण्याचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. झाल्यावर सांगेन. झालेली गोष्ट माणूस लवकर स्वीकारतो.

१६ सप्टेंबर

सेलने मला पीअर मेंटॉर नेमून दिला. आठवड्यातून दोनदा, चाळीस मिनिटं, मला कन्नड शिकवायला. अभिराज.

लायब्ररीत बसून त्याने मला कन्नडातला ऱ्हस्व 'ए' शिकवला. मला! त्याचा स्वतःचा 'ए' लाकडासारखा पडतो. मी जीभ चावून धरली. त्याने शाबास म्हटलं आणि माझ्या नावापुढे हिरवी टिक केली.

चेहरे काढणाऱ्या ॲपला कळवलं की मी आनंदी आहे.

२३ सप्टेंबर

फील्ड एक्सरसाइझ, इंदिरानगर. जोडीजोडीने जायचं, तीन अनोळखी लोकांशी कन्नडात बोलायचं. रिक्षात अभिराजने ड्रायव्हरशी गप्पा सुरू केल्या. क्रियापदं सगळी उलटीपालटी, पण ड्रायव्हर खूश. घर कुठलं, मुलं किती, मेट्रो आल्यापासून धंदा कसा. त्या माणसाने काय काय सांगितलं! मेट्रोच्या एका दारापाशी रिक्षा लावू देतात, दुसऱ्या दारापाशी का नाही, ते सगळं. माझ्या डोक्यात प्रश्न उड्या मारत होते. हात मांडीखाली घेऊन बसलो.

मग ड्रायव्हरने आरशातून बघत अभिराजला विचारलं, हा तुझा मित्र बोलत नाही का, चेहऱ्यावरून तर आमच्यातलाच वाटतो. अभिराज म्हणाला, पाप, स्वल्प स्वल्प शिकतोय. इथे पाप म्हणजे बिचारा.

माझ्याच शहरात, माझ्याच भाषेत माझी कीव केली जात होती आणि मी खिडकीतून नवीन आल्यासारखी होर्डिंग्ज बघत होतो. फार राग आला. कुणाचा ते ठरवता आलं नाही.

असो. ध्येय मोठं आहे.

९ ऑक्टोबर

तोंडी परीक्षा. तक्त्यानुसार आज तीनच चुका करायच्या होत्या. मॅडम भाजीवाली झाल्या, मी गिऱ्हाईक. पहिली चूक ठरवून केली. दुसरी ठरवून केली. तिसरी आपोआप झाली. चौथीलाही अडवता आलं नाही. 'वांगी' म्हणायला तोंड उघडलं आणि आपण खरं काय म्हणतो तेच आठवेना. कुठलं घरचं, कुठलं बाहेरचं, कुठलं मुद्दाम चुकवलेलं, सगळ्याची खिचडी. शेवटी मी बोटाने दाखवलं. तिथे वांगी नव्हतीच, तरी दाखवलं.

तीसपैकी अकरा. अभिराजला सव्वीस.

ही तात्पुरती घसरण आहे. पुढच्या प्रगतीचा आलेख ह्यामुळे जास्त उठून दिसेल.

२८ ऑक्टोबर, सकाळी ९.१०

कॉलेजच्या गेटबाहेर. सिग्नल तुंबला म्हणून एक बाइकवाला फूटपाथवर चढला आणि हॉर्न वाजवत माझ्या अंगावर आला. माझं डोकं फिरलं. मी त्याच्या बाइकसमोर उभा राहिलो आणि सुटलो. दोन महिन्यांचं साठलेलं होतं. फूटपाथ कुणाचा, चालणाऱ्याने उडायचं का, तुझी आई ह्याच फूटपाथवरून भाजीला जाते ना, ही फरशी किती वेळा फुटली आणि का फुटली, सगळं. यशवंतपूर मार्केटचं कन्नड, धारेला लागलेलं. शेवटी तो बाइक मागे घेत गेला. शेजारच्या इडलीवाल्याने मान डोलवली. काय बरं वाटलं! गेल्या कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

वळलो तर लक्ष्मीदेवी मॅडम. हातात कॉफी, शांत उभ्या.

मी गुड मॉर्निंग म्हणालो. त्या गुड मॉर्निंग म्हणाल्या.

ट्रॅफिकचा आवाज खूप होता. त्यांना काहीही ऐकू गेलेलं नसणार.

६ नोव्हेंबर

आज वर्गात मॅडम माझ्याशी मुद्दाम भरभर कन्नडात बोलल्या. विचारलं, गेटपाशी फूटपाथ कधी दुरुस्त होणार असं वाटतं. सापळा ओळखला. भुवया वर, ओठ खाली, डोळे मोठे. आरशासमोर ह्याची तालीम केलेली आहे. त्या पुढच्या बाकाकडे वळल्या.

हे मी फार चांगलं निभावलं.

अर्बन स्टडीजचा फॉर्म भरला. इंटरव्ह्यू वीस तारखेला. बावीस स्लाइड तयार आहेत. सीजीपीए ते निकालानंतर तपासणार, आधी माणसं जिंकायची.

२० नोव्हेंबर, दुपारी १.१५, कॅम्पसच्या पायऱ्यांवर

सगळं लिहून ठेवतो, अजून ताजं आहे.

आत दोघे. विभागप्रमुख सुब्बाराव सर, आणि लक्ष्मीदेवी मॅडम. त्या तिथे असतील असं कुणी सांगितलं नव्हतं. मी लॅपटॉप उघडला, सरांनी तो हळूच बंद केला. म्हणाले, आमचं पहिलं वर्ष अख्खं रस्त्यावर असतं. हमाल, कंडक्टर, फूलवाल्या बायका. तुझ्या फॉर्मवर लिहिलंय की कन्नड येत नाही, प्रगती मंद. मग करणार कसं? मी इंग्रजीत म्हणालो, दुभाषी घेईन.

मग सर एकदम कन्नडात बोलायला लागले. यशवंतपूर मार्केटसमोरचा रस्ता रुंद करून मध्ये डिव्हायडर घातला, त्याने तिथल्या हमालाचं काय झालं? जा, त्याला काय विचारशील ते आम्हालाच विचार.

अख्ख्या बंगळुरूत हा प्रश्न माझ्यासाठीच बनवला असेल. हमालाचा गाडा डिव्हायडर ओलांडू शकत नाही. त्याला अर्धा किलोमीटर वळसा पडतो, उन्हात, भरल्या गाड्यानिशी, म्हणून तो उलट्या बाजूने येतो आणि पोलिसांच्या शिव्या खातो. हे मी लहानपणापासून गच्चीवरून बघतोय. मला त्या माणसांची नावं माहीत आहेत. जिभेवर सगळं तयार होतं.

मी भुवया वर केल्या.

तेव्हा मॅडम बोलल्या, कन्नडात, अगदी हळू. म्हणाल्या, त्या दिवशी गेटपाशी बोललास तसं बोल, पुट्टा. माझ्या पेपरची काळजी करू नको, ती मी घेते. इथे तुझी परीक्षा वेगळी आहे.

पुट्टा म्हणजे बाळा. शब्द न् शब्द कळला. पण मी सावध होतो. टिक केलेला चौकोन, तीन महिन्यांची मेहनत, एका वाक्यात सगळं उघडं पडलं असतं. मी हसलो आणि इंग्रजीत म्हणालो, सॉरी मॅडम, पुन्हा सांगाल का, इंग्लिशमध्ये?

त्यांनी पुन्हा सांगितलं. कन्नडातच, आणखी सावकाश. मी पुन्हा हसलो.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सर म्हणाले, थँक यू.

एकंदरीत इंटरव्ह्यू चांगला झाला. शेवटपर्यंत मी पकडला गेलो नाही.

२७ नोव्हेंबर

यादी लागली. पहिली जागा अभिराज. दुसरी जागा: रिक्त, योग्य उमेदवार नाही.

हे 'रिक्त' मी सहा-सात वेळा वाचलं. दुसऱ्या कुणी हरवलं असतं तर एक वेळ ठीक होतं.

कॉरिडॉरमध्ये मॅडम भेटल्या. ह्या वेळी त्या इंग्रजीत बोलल्या, आणि ते जास्त लागलं. म्हणाल्या, तुला कन्नड येतं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. इतर मुलंही दरवर्षी असं करतात, आम्ही दुर्लक्ष करतो. गेटपाशी ऐकल्यावर मीच सुब्बारावांना सांगितलं की हा मुलगा घ्या. साहित्याच्या पेपरला तुला बदलून घ्यायची परवानगीसुद्धा काढून ठेवली होती. तू फक्त एक वाक्य बोलायला हवं होतंस.

थँक यू मॅडम म्हणालो.

मेट्रोत बसायला जागा होती, बसलो नाही. ह्या दारातून त्या दारात फिरत राहिलो. इंदिरानगर गेल्यावर रडू आलं, तेव्हा मोबाइलमध्ये तोंड घातलं. घरी आई कणीक मळत होती. तिला सगळं सांगितलं, मेजर बदलण्यापासून. मग हमालाचं उत्तरही सांगितलं, जसं तिथे द्यायचं होतं तसं, पूर्ण, कन्नडात, गाड्याच्या वळशासकट. ती ऐकत राहिली. हाताची कणीक वाळली. म्हणाली, 'इतकं चांगलं बोलतोस रे. मग?'

मी ताट घेतलं.

अण्णांना तिनेच सांगितलं. मी बोलणी खायला तयार होतो. ते नुसतं म्हणाले की आधी सांगितलं असतंस तर फॉर्मवर मी सही केली असती.

१६ डिसेंबर

निकाल. बेसिक कन्नड: सी. सीजीपीए ७.२९. सेमिस्टर सुरू झालं तेव्हापेक्षाही कमी.

मेजर: कॉम्प्युटर सायन्स, बदल नाही.

पोर्टलवर सूचना: 'मंद प्रगतीमुळे आपली नोंदणी बेसिक कन्नड भाग दोनसाठी आपोआप करण्यात आली आहे.' शिक्षिका लक्ष्मीदेवी. पीअर मेंटॉर अभिराज, त्याने स्वतःहून नाव दिलंय. मंगळवार आणि गुरुवार, सकाळी साडेआठ. पहिला धडा: स्वतःची ओळख करून देणे.